चोवीस रकाने आणि पगाराची तारीख

नोकरदार माणूस स्वतःला कधी सावकार समजत नाही. पण हिशेब करून बघा. आपण एक तारखेपासून काम करायला लागतो आणि पैसे मिळतात महिना संपल्यावर. म्हणजे महिनाभराची मेहनत आपण कंपनीला उधार दिलेली असते. बिनव्याजी, बिनतारण. पगार वेळेवर झाला की ही उधारी फिटते आणि आपल्या लक्षातही येत नाही. तोच पगार दोन महिने थांबला की कळतं, अरे, आपण तर कर्ज देऊन बसलोय! आणि ज्याला दिलंय तो आपलाच साहेब, त्यामुळे वसुलीला जायचीही चोरी.

हा विषय डोक्यात यायला कारण म्हणजे आमच्या बॅचमधला एक मित्र. आयटीतली बरी नोकरी सोडून तो बातम्यांच्या एका स्टार्टअपमध्ये गेला. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही, कारण अशा कंपन्या पायलीला पन्नास आहेत. आधी पगार वेळेवर, मग पंधरा दिवस उशिरा, मग अर्धा, मग 'पुढचा राउंड आला की बघू'. हेही एकवेळ समजून घेता येईल. पण त्याने जरा नेट लावून विचारलं तेव्हा मालकाचं जे उत्तर आलं ते मला जास्त खटकलं. "पत्रकारिता ही नोकरी नसते रे, मिशन असतं. बाबासाहेबांनी काय पगार घेऊन पेपर चालवला?"

मित्र गप्प बसला. कुणीही बसेल, कारण नाव मोठं आहे. पण प्रश्न विचारलाच आहे तर त्याचं उत्तर नीट शोधायला काय हरकत आहे? त्यासाठी महाडला जावं लागेल. पण आधी थोडं मागे, १८७७ सालात.

१ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केलं. सत्यशोधक विचारांचं साप्ताहिक. आजच्या भाषेत पक्कं बूटस्ट्रॅप्ड स्टार्टअप. मोठा इन्व्हेस्टर नाही, जाहिरातदार नाहीत, आणि ज्यांच्यासाठी पेपर काढायचा त्यातल्या बहुतेकांना वाचताच येत नाही! मार्केट साईझ विचारूच नका. व्हायचं तेच झालं, पैशाअभावी पेपर पुण्यात तगला नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत नव्याने उभा केला.

हे लोखंडे म्हणजे मजेशीर रसायन. एकीकडे कायम खडखडाट असलेल्या पेपरचा संपादक, दुसरीकडे गिरणी कामगारांचा पुढारी. १८८४ मध्ये त्यांनी 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' ही संघटना काढली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं एक निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसमोर ठेवलं. त्यात मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, कामावर जखमी झालेल्याला मदत. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची म्हणजे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

नीट बघा. इथे पगार 'वाढवा' असं म्हणणं नाहीये. पगार 'वेळेवर द्या' एवढंच आहे, आणि तेसुद्धा पंधरा दिवसांची सवलत देऊन! तेव्हा गिरण्यांत पगार अंगावर ठेवायची रीतच होती. पगार हातात येईपर्यंत कामगार वाण्याकडून उधारीवर धान्य आणि सावकाराकडून व्याजाने पैसे घ्यायचा. म्हणजे तो मालकाला बिनव्याजी कर्ज देत होता आणि स्वतः व्याजाने कर्ज काढत होता. लोखंड्यांना हे गणित कळलं होतं. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. त्यासाठी लोखंड्यांना आपण अधूनमधून आठवतो तरी, पगाराच्या तारखेसाठी मात्र कुणी आठवत नाही.

याच 'दीनबंधू'मध्ये महाडजवळच्या रावढळचा एक माणूस लिहायचा, गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झालेले. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी केवढा गदारोळ केला. अशा लेखकांना मानधन मिळायचा प्रश्नच नव्हता. पण वलंगकर लिहीत होते ते स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या माणसांसाठी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बाबासाहेब. त्यांचा पहिला पेपर 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२० चा. ह्याला मात्र सीड फंडिंग होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. 'केसरी'ने या पेपरची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही, असं आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे गिऱ्हाईकापर्यंत पोचायचा रस्ताच बंद. त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेडकर शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. मागे ज्ञानदेव घोलपांनी संपादकपद सांभाळलं, पण वाद झाले, पैसे संपले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला. फाउंडर परदेशात, फंडिंग एकदाच मिळालेलं, जाहिराती नाहीत. शंभर वर्षांनंतरही स्टार्टअप याच कारणांनी बुडतात, फक्त पीपीटी बदलली आहे.

आणि मग महाड. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये परिषद भरली तेव्हा जमलेल्या हजारो लोकांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं गावात, ठराव दप्तरात आणि पाणी विकत! २० तारखेला सगळे मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परत निघालेल्या लोकांवर जो हल्ला झाला, तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

महाडनंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. का, ते उघड आहे. महाडला काय घडलं हे आपल्या बाजूने सांगणारा पेपर नसेल, तर दुसरे सांगतील तेच खरं ठरणार. पुढची दोन-अडीच वर्षं या पाक्षिकाचा बराचसा मजकूर बाबासाहेबांनी एकट्याने लिहिला. चोवीस-चोवीस रकाने! आपल्याला आठवड्याला एक लेख लिहितानाही घाम फुटतो. मानधन शून्य. घरखर्चासाठी वकिली आणि बॅटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमधली अर्धवेळ शिकवणी. दिवसा कोर्ट, संध्याकाळी वर्ग, रात्री अग्रलेख.

तर मित्राच्या मालकाचं म्हणणं खरं ठरलं की! बाबासाहेबांनी पगार घेतला नाही. विषय संपला?

नाही संपला. इथूनच सुरू होतो.

१९२८ च्या सुरुवातीला, पेपर जेमतेम वर्षभराचा होत असताना, बाबासाहेबांनी त्यात एक अग्रलेख लिहिला. विषय होता पेपरचं ऋण. वाचकांसमोर त्यांनी अडचण उघडपणे ठेवली. एकट्याने किती लिहावं लागतं, मोबदला न घेता हे काम कसं चाललंय, आणि ज्या समाजासाठी चाललंय त्याने हे ऋण आपलं मानायला नको का, हा सवाल. शब्द लक्षात घ्या, 'ऋण'. फुकट केलेलं काम त्यांनी हवेत विरून जाऊ दिलं नाही. ते कुणाच्या तरी नावावर मांडलं पाहिजे, एवढं ते स्पष्ट होते. हिशेब लपवला नाही, 'मिशन आहे' म्हणून दडवलाही नाही.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. याच पेपरात त्यांनी महार वतनावर लेख लिहिले. वतन म्हणजे काय, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नसतं. गावकामगार म्हणून महारांनी सरकारी निरोप पोचवायचे, अंमलदार आला की हजर राहायचं, सारा पोचवायचा, पडेल ते काम करायचं. मोबदला म्हणून एखादा इनाम जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून बलुतं, तेही गावकऱ्यांनी दिलं तर. वेळ ठरलेली नाही, चोवीस तास बांधिलकी. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. आपण प्रॉडक्शन सपोर्टच्या नाईट शिफ्टबद्दल कुरकुर करतो, पण आपल्या जागी घरच्यांना तरी कुणी बोलावत नाही.

१९ मार्च १९२८ ला, म्हणजे महाड परिषदेला बरोबर एक वर्ष होत असताना, बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात हा १८७४ चा वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं. काम घ्यायचं तर ठरलेला पगार द्या, ही त्यामागची भूमिका. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगार वतनं शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. जो संपादक स्वतः एक पैसा न घेता चोवीस रकाने लिहितो, तोच संपादक त्याच रकान्यांत लिहितो की दुसऱ्याकडून फुकट काम करून घेणं ही गुलामी आहे. यात विसंगती आहे का? माझ्या मते अजिबात नाही. स्वतःचा घाम स्वतः देणं वेगळं आणि दुसऱ्याचा घाम परस्पर वापरणं वेगळं. पहिल्याला त्याग म्हणतात, दुसऱ्याला वेठ. फाउंडरने पगार घेतला नाही तर तो त्याचा निर्णय, कारण कंपनी त्याची आहे, बुडाली तर त्याची आणि तरली तरी त्याची. नोकराचा पगार थांबवून वर 'मिशन' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणं. बाबासाहेबांचं नाव त्याला लावायला जागाच नाही. उलट ते नाव दुसऱ्या बाजूला लागतं.

अर्थात त्यागावर पेपर किती दिवस चालणार याला मर्यादा होतीच. १५ नोव्हेंबर १९२९ ला 'बहिष्कृत भारत'चा शेवटचा अंक निघाला. मात्र तोपर्यंत धडा शिकून झाला होता. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' सुरू झाला, देवराव नाईक संपादक. सगळा भार एकाच माणसावर नाही. तो १९५६ पर्यंत चालला आणि नंतर 'प्रबुद्ध भारत' झाला. पंचवीस वर्षं! एका माणसाच्या जागरणावर अडीच वर्षं, माणसं आणि व्यवस्था लागली तर पंचवीस. कुठल्याही फाउंडरने भिंतीवर लावावा असा हा हिशेब आहे.

१९३७ चा मार्च महिना मला या गोष्टीत फार महत्त्वाचा वाटतो. १७ मार्च १९३७ ला चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल मुंबई हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षांनी. आणि त्यानंतर अकरा दिवसांनी, २८ मार्च १९३७ ला, १९३६ चा वेतन प्रदान कायदा लागू झाला. हजाराच्या आत कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, जास्त असतील तर १० तारखेच्या आत. लोखंड्यांनी १५ तारीख मागितली होती, मिळाली ७. फक्त त्रेपन्न वर्षं लागली आणि तोवर लोखंड्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पाणी असो वा पगार, ठराव होणं आणि ओंजळीत येणं यात दशकं जातात.

पत्रकारांसाठी वेगळा कायदा आला १९५५ मध्ये. पुढे वेतन मंडळं आली, शेवटचं मजिठिया. सुप्रीम कोर्टाने ते ७ फेब्रुवारी २०१४ ला वैध ठरवलं आणि १९ जून २०१७ ला सांगितलं की कंत्राटी पत्रकारांनाही ते लागू आहे. पण ही वेतन मंडळं छापील वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांची. टीव्ही बाहेर, वेबसाईट बाहेर. म्हणजे आपल्या पिढीने जिथे नोकऱ्या धरल्या नेमकं तेच कुंपणाबाहेर राहिलं.

आणि या सगळ्या उतरंडीत सगळ्यात खाली कोण असतं? पुन्हा महाडकडे वळा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूरच्या मध्ये सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, एसटीच्या दोन बसगाड्या त्यात गेल्या. २८ जुलै २०१८ ला पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडालं, तळीयेवर दरड आली, आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. अशा वेळी मुंबई-पुण्याच्या गाड्या पोचायच्या आधी चिखलात उभा असतो तो तालुक्याचा बातमीदार. त्याचा फोटो दहा ठिकाणी जातो. त्याला पगार नसतो, बातमीमागे किंवा व्हिडिओमागे काहीतरी ठरलेलं असतं आणि तेही कधी येईल त्याचा नेम नाही. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याकडेच दिवाळी अंकाची जाहिरात मागायला जायचं! ज्याचा पगार थकतो त्याची लेखणी कुणाकडे तरी गहाण पडते. बुडीत पगाराचं नुकसान फक्त पत्रकाराचं नाही, वाचणाऱ्यांचंही आहे, ते असं.

मालकाकडे पैसा दिसतोय म्हणजे आपण सुरक्षित, असंही नाही. एप्रिल २०१३ मध्ये बंगालमध्ये शारदा समूह कोसळला. चिट फंडाच्या पैशावर त्यांनी वर्तमानपत्रं आणि चॅनेल्स भराभर काढली होती. ती एकामागून एक बंद पडली आणि शेकडो पत्रकार रस्त्यावर आले. मालकाविरुद्ध पोलिसांत गेलेल्या सुरुवातीच्या तक्रारींत त्याच्याच चॅनेलच्या कर्मचाऱ्यांची पगार थकल्याची तक्रार होती. लाखो ठेवीदारांच्या आधी घोटाळ्याचा वास नोकरांना आला, कारण पहिला हप्ता त्यांचाच चुकला होता. सावकाराला जे कळतं ते इतरांना उशिरा कळतं. म्हणून म्हटलं, आपण सावकार आहोत हे विसरू नये.

मग सावकारासारखं वागायचं कसं? चार गोष्टी.

पहिली, कायदा. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. जुन्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, शेवटी महिना २४ हजार. त्यामुळे आपल्यासारखे बहुतेक जण त्याच्या बाहेरच होते. आता ती मर्यादा नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. राजीनामा दिला, काढलं किंवा कंपनी बंद झाली, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. आणि डिजिटल माध्यमांतला पत्रकारही आता कायद्याच्या व्याख्येत 'श्रमिक पत्रकार' आहे.

दुसरी, करारात तुम्ही कोण आहात ते वाचा. 'कन्सल्टंट' किंवा 'रिटेनर' लिहिलं असेल तर वरचा कायदा तुमच्या कामी येईलच असं नाही. ऑफर लेटरमधला आकडा सगळे वाचतात, हा शब्द कुणी वाचत नाही.

तिसरी, पगाराआधी पीएफ बघा. पैसा आटायला लागला की बऱ्याचदा पगारातून कापलेला पीएफ आणि टीडीएस भरणं आधी थांबतं. पीएफचं पासबुक आणि फॉर्म २६एएस दर तिमाहीला उघडायला पाच मिनिटं लागतात. कापलंय पण भरलं नाही असं दिसलं, तर मिशनचं भाषण ऐकत बसू नका, बायोडेटा अपडेट करा.

चौथी, कंपनी बुडाल्यावर मिळेल या भरवशावर राहू नका. दिवाळखोरीच्या कायद्यात एक कोटीच्या आतल्या थकबाकीसाठी अर्जच करता येत नाही. कंपनी लिलावात निघालीच, तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांची २४ महिन्यांची बाकी, आणि त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची. बातम्यांच्या स्टार्टअपकडे विकायला असतं काय? चार कॅमेरे, दहा लॅपटॉप आणि एक यूट्यूब चॅनेल.

याचा अर्थ मीडिया स्टार्टअपमध्ये जाऊच नका असा नाही हं. 'दीनबंधू', 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' हे सगळे त्यांच्या काळातले तोट्यातले धंदेच होते आणि ते निघाले नसते तर आपण कितीतरी गरीब राहिलो असतो. जा, जरूर जा. फुकट काम करायचं असेल तर तेही करा. पण मग मालकीत वाटा मागा, हिशेबाची वही बघायला मागा आणि किती महिने देऊ शकता ते स्वतः ठरवा. वही उघडी असेल तर तो त्याग. वही बंद असेल आणि वर मोठमोठी नावं सांगितली जात असतील, तर समजायचं की आपल्याकडून कर्ज घेतलं जातंय आणि ते फेडायचा विचार नाहीये.

असो. आज महिन्याची किती तारीख आहे? सात उलटून गेली असेल आणि बँकेचा मेसेज आला नसेल, तर एचआरला एक मेल टाका. लेखी. तोंडी नाही.